विश्लेषण : व्हीलचेअरवरून सेवाग्राम, पवनार, बोर... घराजवळची सहल सर्वांसाठी कशी होईल?

वर्धा जिल्ह्यात सुटीच्या दिवशी फिरायला जायचे म्हटले की ठिकाणे ठरलेली असतात. सेवाग्राम, पवनार, गीताई मंदिर, विश्वशांती स्तूप, बोर धरण, नाहीतर घराजवळचा नगरपालिकेचा बगिचा. पण घरात व्हीलचेअर वापरणारी, कमी दिसणारी किंवा चार पावलांत दम लागणारी व्यक्ती असेल, तर बेत ठरवताना पहिला प्रश्न येतो ‘तिथे पायऱ्या किती?’ आणि दुसरा ‘तिथे शौचालय आहे का?’ उत्तर मिळत नाही. मग ‘तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते,’ असे कुणीतरी म्हणते आणि बाकीचे निघतात. दिव्यांगांना उद्यानांत आणि निसर्गस्थळी जाता यावे, हा आता केवळ सद्भावनेचा विषय राहिलेला नाही. त्यासाठी कायदा आहे, ठरलेली मापे आहेत आणि काही प्रमाणात निधीही आहे. मग अडते कुठे?

हा प्रश्न नेमका किती जणांचा?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. ही मोजणी आठ प्रकारांत झाली होती. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात ते २१ झाले. त्यामुळे आजचा खरा आकडा जुन्या मोजणीपेक्षा मोठा धरायला हवा.

या २१ प्रकारांतील दोन वर्ध्यासाठी विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला सिकलसेल. विदर्भात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेल असलेला तरुण धडधाकट दिसतो, चालतो, पायऱ्याही चढतो. पण शरीरातील पाणी कमी झाले, अति श्रम झाले किंवा थंडी बाधली तर त्याला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याच्यासाठी बगिचात पिण्याचे पाणी, सावली आणि ठरावीक अंतरावर बाक असणे हीच ‘सुगम्यता’. दुसरा प्रकार कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींचा. दत्तपूर येथील महारोगी सेवा समितीचे काम १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी सुरू केले, तेव्हापासून या जिल्ह्याचे कुष्ठसेवेशी नाते आहे. रोग बरा झाला तरी अनेकांच्या तळपायांची संवेदना गेलेली असते. अशा व्यक्तीला तापलेली फरशी किंवा टोकदार गिट्टी जाणवत नाही. जाणवते ती नंतर झालेली जखम.

यात गुडघे दुखणारे आजी-आजोबा, बाळाची गाडी ढकलणारी आई, पायाला प्लास्टर असलेला विद्यार्थी यांचीही भर घाला. उतार आणि कठडा सर्वांनाच लागतो, कुणाला कायमचा तर कुणाला काही दिवसांपुरता.

‘रॅम्प आहे’ एवढे पुरेसे का नाही?

सहल ही एक साखळी असते. घराचा उंबरठा, वाहन, वाहनतळ, प्रवेशद्वार, आतली वाट, बसण्याची जागा, पाणी, शौचालय आणि परतीचा प्रवास. यातील एक कडी तुटली की उरलेल्या सगळ्या सोयी निरुपयोगी ठरतात. प्रवेशद्वारापाशी उत्तम रॅम्प आहे, पण दुचाकी आत येऊ नये म्हणून त्यापुढे आडवे-उभे लोखंडी पाइप रोवले आहेत, असे अनेक उद्यानांत दिसते. दुचाकीसोबत व्हीलचेअरही बाहेरच राहते. गेट ओलांडले तर आत सैल मुरूम किंवा गिट्टी पसरलेली असते. व्हीलचेअरची पुढची चाके लहान असतात; ती मुरुमात रुततात आणि खुर्ची पुढे कलंडते. गट्टू बसवलेली वाट त्या मानाने बरी, पण गट्टू खचून वर-खाली झाले की तीच अडचण होते.

सर्वांत कमी बोलली जाणारी कडी म्हणजे शौचालय. ते नसेल तर अनेक जण, विशेषतः महिला, सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मणक्याची दुखापत झालेल्यांना यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा धोका असतो. दिव्यांगांसाठी बांधलेल्या शौचालयाला कुलूप असणे किंवा तिथे झाडू-बादल्या ठेवलेल्या असणे, हेही अनेक ठिकाणी दिसणारे चित्र. कागदावर मात्र सोय झालेली असते.

उताराचे गणित काय?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये सार्वत्रिक सुगम्यतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील मूलभूत माप असे : रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे १ फूट उंची चढायची तर उतार किमान १२ फूट लांब हवा. १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटीमीटर उंची. त्यासाठी रॅम्प लागतो ५.४ मीटर, साधारण १८ फूट. प्रत्यक्षात अशा तीन पायऱ्यांच्या बाजूला पाच फुटांचा सिमेंटचा उतार ओतून काम संपवले जाते.

फरक किती पडतो, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून काढता येते. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो वजन धरा. १:१२ च्या उतारावर खुर्ची वर नेण्यासाठी घर्षण सोडून सुमारे साडेसात किलोचा जोर लागतो. हाताने चाके फिरवणाऱ्याला थोड्या अंतरासाठी तो जमू शकतो. तीच उंची पाच फुटांत चढवली तर हा जोर सुमारे २६ किलोंवर जातो. पाण्याची २० लिटरची भरलेली कॅन उचलून धरण्यापेक्षाही हे जास्त आहे, शिवाय खुर्ची मागे उलटण्याची भीती वेगळी. असा उतार एकट्याला चढता येत नाही आणि ढकलणाऱ्यालाही उतरताना खुर्ची आवरत नाही.

आणखी तीन मापे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. दार किंवा गेटमधील मोकळी जागा किमान ९० सेंटीमीटर. व्हीलचेअर पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाची जागा. आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्याच्या डोक्याला फांदी किंवा फलक लागू नये म्हणून वाटेवर दोन मीटरहून अधिक उंचीपर्यंत काहीही आडवे येता कामा नये. ही सगळी मापे घरातल्या साध्या टेपने तपासता येतात.

वर्ध्यातील ठिकाणे त्या दृष्टीने कशी आहेत?

सेवाग्राम आश्रम : वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटर. महात्मा गांधी १९३६ मध्ये येथे राहायला आले. परिसर बव्हंशी सपाट, कुट्या बैठ्या, झाडांची सावली भरपूर. त्यामुळे जिल्ह्यातील इतर ठिकाणांच्या तुलनेत येथे सुरुवातच सोपी आहे. अडचणी दोन. मोकळ्या जागेतील बारीक खडी-मुरूम आणि कुट्यांचे उंबरठे व अरुंद दारे. वारसा वास्तू असल्याने मातीच्या भिंती तोडून दार रुंद करणे योग्य नाही आणि गरजेचेही नाही. कुट्यांना जोडणारी एक घट्ट, सपाट वाट आणि उंबरठ्यावर ठेवता येईल असा उचलता लाकडी उतार, एवढ्याने बरेच साधते. कुटीत शिरता येत नसेल तर आतले दर्शन घडवणारी छायाचित्रे बाहेर बसल्या उंचीवर लावता येतात.

पादत्राणांचा मुद्दा येथे आणि प्रत्येक देवळात येतो. कॅलिपर वापरणाऱ्याचा बूट कॅलिपरला जोडलेला असतो. तो काढला तर उभेच राहता येत नाही. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांना पायाच्या रक्षणासाठी मऊ रबरी तळव्याची खास चप्पल दिलेली असते. ‘चप्पल बाहेर’ हा नियम सांगणाऱ्याला हे माहीत असायला हवे. कापडी खोळ किंवा चाके पुसायला ओले फडके ठेवले तरी स्वच्छता आणि प्रवेश दोन्ही साधतात. याच आश्रमात परचुरे कुटी आहे. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना समाजाने दूर लोटले असताना गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. रुग्णासाठी जागा करून देण्याचे उदाहरण या आवारातच आहे.

गीताई मंदिर आणि विश्वशांती स्तूप : गोपुरी परिसरातील गीताई मंदिराला छप्पर नाही आणि मूर्तीही नाही. विनोबांच्या ‘गीताई’चे अठरा अध्याय येथे उभ्या शिळांवर कोरलेले आहेत. मोकळ्या जागेत, शिळांच्या बाजूने फिरत पाहायचे हे स्थळ असल्याने व्हीलचेअरसाठी त्याची रचनाच अनुकूल आहे. शिवाय कोरीव अक्षरे बोटांनी चाचपता येतात. नंतरच्या वयात दृष्टी गेलेल्या, देवनागरी वाचता येणाऱ्या व्यक्तीसाठी हा वेगळा अनुभव ठरू शकतो. शेजारच्या स्तूपाचे मात्र तसे नाही. चार दिशांच्या बुद्धमूर्ती जवळून पाहायच्या तर पायऱ्या चढाव्या लागतात. खालच्या हिरवळीवरून दर्शन होते.

पवनार : विनोबांचा परमधाम आश्रम धाम नदीकाठच्या उंचवट्यावर आहे. उंचवटा आणि नदीकडे उतरणारा घाट यांमुळे येथे व्हीलचेअरवरील व्यक्तीसोबत किमान एक धट्टाकट्टा सोबती हवाच. पावसाळ्यात दगड निसरडे होतात. नदीपर्यंत जाण्याचा हट्ट सोडून वरून पात्र पाहता येईल अशी जागा निवडणे शहाणपणाचे.

बोर : सेलू तालुक्यातील बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळाने तो देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत गणला जातो. जंगल सफारी हा प्रकार दिव्यांगांना अशक्य वाटतो; प्रत्यक्षात सफारीत सगळेच पर्यटक बसूनच जंगल पाहतात. अडचण फक्त जिप्सीत चढण्याची. जिप्सीची बैठक उंच असते आणि पाय ठेवायला जागा अपुरी. प्रवेशद्वाराजवळ जिप्सीच्या उंचीचा एक पक्का ओटा आणि त्याला १:१२ चा रॅम्प बांधला, तर व्हीलचेअर थेट बैठकीच्या पातळीला लागते. पाठीला आधार आणि पट्टा असलेले एक आसन असेल तर मानेवर किंवा कमरेवर ताबा नसलेल्यांनाही खडबडीत रस्ता सोसवतो. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र बंद असते, हे बेत आखताना लक्षात घ्यावे.

सफारीशिवायही धाडस असते. मतदानातून वर्ध्याचा शहरपक्षी ठरलेला नीलपंख पाहायला गाभ्यात जावे लागत नाही. शेताकडेच्या विजेच्या तारेवर तो गाडीच्या काचेतूनही दिसतो. दृष्टिहीनांसाठी पहाटे आवाजावरून पक्षी ओळखण्याची फेरी तर डोळसांपेक्षा सरस ठरू शकते.

न दिसणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी बगिचात काय हवे?

दृष्टिहीनांसाठी पायाखाली स्पर्शफरशी लागते. उभ्या रेषांची फरशी ‘सरळ चला’ सांगते, ठिपक्यांची ‘थांबा, पुढे वळण किंवा पायरी आहे’ असे सांगते. ही फरशी झाडाच्या आळ्यात किंवा खांबात नेऊन सोडली, तर ती नसण्यापेक्षा वाईट. मोगरा, निशिगंध, तुळस, गवती चहा, कढीपत्ता ही झाडे कमरेच्या उंचीच्या वाफ्यांत लावली तर वासावरून आणि स्पर्शावरून बाग ‘दिसते’. व्हीलचेअरवरील व्यक्तीलाही त्याच वाफ्यात हात घालून माती चाळता येते.

मुलांच्या बाबतीत गरज वेगळी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला पाठ आणि पट्टा असलेला झोका हवा. टोपलीसारख्या मोठ्या झोक्यात दोन-तीन मुले एकत्र झोपून झुलू शकतात, त्यात कोण दिव्यांग आणि कोण नाही हा भेदच राहत नाही. चकरी जमिनीच्या पातळीत बसवली तर खुर्ची थेट तिच्यावर जाते. स्वमग्न मुलांना गोंगाट असह्य झाला की बसायला एक शांत कोपरा आणि ते अचानक रस्त्याकडे धावू नये म्हणून भोवती कुंपण लागते. वेगळा कोपरा करून ‘दिव्यांगांसाठी’ अशी पाटी लावणे मात्र टाळायला हवे. मुलाला झोका हवा असतो, तसाच सोबत खेळणारा मित्रही हवा असतो.

नागपूरचा प्रकल्प काय आहे? इतरत्र काय घडले?

वर्ध्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर नागपुरातील पारडी येथे ‘अनुभूती इन्क्लुझिव्ह पार्क’ उभारण्याची घोषणा केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जानेवारी २०२३ मध्ये केली. ९० हजार चौरस फूट जागा, सुमारे १२ कोटी रुपये खर्च आणि सर्व २१ प्रकारच्या दिव्यांगांसाठी सुविधा असे त्याचे स्वरूप सांगण्यात आले. स्पर्श व गंध उद्यान, जलोपचार केंद्र यांचा त्यात समावेश आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो येथे २०१० पासून ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे पूर्णतः सुगम्य मनोरंजन उद्यान चालते. दिव्यांगांना तेथे प्रवेश मोफत आहे.

असे मोठे प्रकल्प दिशा दाखवतात. पण आष्टी किंवा समुद्रपूरच्या मुलासाठी नागपूरचे उद्यान वर्षातून एकदा. रोजच्या संध्याकाळी त्याला गावातलाच बगिचा लागतो.

चेन्नईच्या मरिना किनाऱ्याचा धडा वेगळा आहे. व्हीलचेअर थेट समुद्राजवळ जावी म्हणून तेथे लाकडी मार्ग नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि पुढच्याच महिन्यात मँडूस चक्रीवादळात त्याचे नुकसान झाले. तो दुरुस्त करावा लागला. सुगम्यता एकदा बांधून संपत नाही. दुरुस्तीची तरतूद तिचाच भाग असते. खचलेला गट्टू आणि तुटलेला कठडा वेळेत बदलणारा माणूस नसेल, तर कोट्यवधींचे उद्यानही दोन पावसाळ्यांत बंद दारासारखे होते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातील ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत करमणुकीसाठी आणि धार्मिक कारणासाठी लोक जिथे जातात त्या वास्तूही येतात, मग त्या सरकारी असोत वा खासगी. कलम २९ सांस्कृतिक जीवन व मनोरंजनातील सहभागाबद्दल, तर कलम ३० क्रीडेबद्दल आहे. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर बांधकामाला परवानगी देता येत नाही. कलम ४५ नुसार आधीच्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ही मुदत २०२२ मध्येच उलटली. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत, तर त्यानंतर ५० हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तरीही अंमलबजावणी ढिली राहिली. त्याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात दाखवून दिले. कायदा सक्तीची भाषा बोलतो, पण त्याखालील नियम १५ केवळ मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो, ही विसंगती न्यायालयाने दाखवली आणि तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला. ज्यांचे पालन केलेच पाहिजे असे किमान निकष तीन महिन्यांत वेगळे काढून ठरवा, असे निर्देश केंद्राला दिले. ‘शक्य असेल तर करू’ या उत्तराला या निकालाने मोठाच धक्का दिला.

निधी कुठून येईल? तक्रार कुठे करायची?

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून नगरपालिका-जिल्हा परिषदेपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे. तो वैयक्तिक मदतीसाठी तसेच रॅम्प, कठडे, शौचालय अशा अडथळामुक्त सुविधांसाठी वापरता येतो. आपल्या नगरपालिकेने गेल्या वर्षी हा निधी किती ठेवला आणि कशावर खर्च केला, हे माहिती अधिकारात विचारता येते.

बगिचातील एखादा अडथळा दाखवायचा असेल तर ‘सुगम्य भारत’ अॅपवर छायाचित्रासह तक्रार नोंदवता येते. नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दाद लागली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. अर्जात ‘सोयी नाहीत’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘उंची ४५ सेंटीमीटर, उताराची लांबी दीड मीटर, नियमानुसार हवी ५.४ मीटर’ असे लिहावे. आकड्याला उत्तर द्यावे लागते.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

* आधी फोन करून ‘तुमच्याकडे दिव्यांगांची सोय आहे का’ असे विचारू नका. ‘हो’ हेच उत्तर येते. ‘गेटपासून आतपर्यंत पायऱ्या किती? शौचालयाचे दार किती रुंद? आज ते उघडे आहे का?’ असे विचारा. जमल्यास वाटेचे आणि शौचालयाचे छायाचित्र मागवा.
* वेळ सकाळची निवडा. वर्ध्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मणक्याला वरच्या भागात दुखापत झालेल्यांना त्याखालच्या शरीरात घाम नीट येत नाही, त्यामुळे ऊन त्यांना लवकर बाधते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; सिकलसेल असलेल्यांनी मात्र पहाटेच्या थंडीत स्वेटर-मफलर विसरू नये.
* खुर्चीवर सतत बसणाऱ्याने दर १५ ते ३० मिनिटांनी अंग थोडे उचलावे किंवा कलते करावे. प्रवासातही उशी काढू नये. सहलीच्या आनंदात झालेली बैठकीची जखम भरायला महिने लागतात.
* चाकांची हवा, ब्रेक आणि पाय ठेवायची पट्टी आदल्या दिवशी पाहा. पंक्चरचे सामान, पाणी, औषधे आणि दिव्यांग प्रमाणपत्र सोबत ठेवा. एसटीच्या साध्या बसमध्ये पात्र दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे.
* बेत त्या व्यक्तीसोबत बसून ठरवा. किती वेळ, किती अंतर, कुठे थांबायचे हे तिने सांगावे.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमटे यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नव्हते. तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनात झोपून प्रवास करत होते. बसता येत नाही म्हणून त्यांना कुणी घरी ठेवले नाही. वाहनात झोपण्याची सोय केली गेली. आपल्या गावातल्या बगिचासाठी त्याहून सोप्या गोष्टी पुरतील : रॅम्पला पुरेशी लांबी, गेटमध्ये ९० सेंटीमीटर मोकळी जागा आणि कुलूप नसलेले शौचालय.